कर्नल रीबिल्ड केला, बूटही होतो. पण ड्रायव्हर, कंटेनर, पेनड्राइव्ह सगळे रुसलेत

कळफलक

मंडळी, मदत हवी आहे. माझ्या लिनक्स डिस्ट्रोसोबत (तयार संचासोबत) आलेल्या ६.१ कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, माझं नवं नेटवर्क कार्ड ओळखता येत नव्हतं, म्हणून ६.१२ चा सोर्स उतरवून कर्नल स्वतः बिल्ड केला. '/बूट' मधली डिस्ट्रोची कॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं त्याची यादी) घेतली, ओल्डडेफकॉन्फिग (नव्या पर्यायांना ठरलेली उत्तरं देणारं) चालवलं, मग बिल्ड लवकर आटपावा म्हणून लोकलमॉडकॉन्फिग. मेन्यूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायच्या मेन्यूत) जुनंपानं वाटलं ते काढून टाकलं. लोकलव्हर्जनला, म्हणजे आवृत्तीच्या आकड्यापुढच्या शेपटीला, '-घडीव' असं नाव दिलं. नेटवर्क कार्ड झकास चाललं.

मग मी शिकण्यासाठी लिहीत असलेल्या एका छोट्या मॉड्यूलमध्ये (कर्नलला जोडायच्या तुकड्यात) लॉकचा गोंधळ शोधायचा होता, म्हणून 'प्रूव्ह_लॉकिंग' हा लॉक तपासणारा पर्याय चालू करून त्याच नावाने पुन्हा बिल्ड आणि इन्स्टॉल केलं. आता परिस्थिती अशी:

ग्राफिक्स कार्डाचा बंद सोर्सचा ड्रायव्हर लोड होत नाही. मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी आज्ञा) म्हणतं 'एक्झेक फॉरमॅट एरर'. एक जुना ३२-बिट प्रोग्रॅम आहे, तोही नेमकं हेच म्हणतो, त्यामुळे दोघांचं मूळ एकच असावं असा माझा अंदाज. कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारे प्रोग्रॅम) सुरू होत नाहीत. पेनड्राइव्ह लावला तर डिव्हाइस दिसतं, माउंट होत नाही. आणि एका मापन कार्डाचा ड्रायव्हर आहे, उत्पादकाने सोर्स दिलेला, तो ६.१२ वर कंपाइलच होत नाही.

जुन्या कर्नलने बूट केलं की सगळं सुरळीत. सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी

ग्राफिक्ससाठी 'मॉडप्रोब --फोर्स' करून बघा. व्हर्जनची तपासणी वगळली जाते. माझं एकदा चालून गेलं होतं.

गिटपुराण

रात्रपाळी, कृपया हा सल्ला देऊ नका. ती तपासणी उगाच ठेवलेली नाही. मॉड्यूल कंपाइल होताना कर्नलच्या स्ट्रक्चरमध्ये कोणतं फील्ड कितव्या बाइटवर आहे हे त्यात पक्कं कोरलं जातं. चालू कर्नलमध्ये ते फील्ड सरकलं असेल, तर ड्रायव्हर भलत्याच जागी लिहितो. नशीब बरं असेल तर लगेच पॅनिक (कर्नल कोसळतो), नसेल तर फाइल सिस्टीमच्या कॅशमध्ये कचरा, आणि तो डिस्कवर उतरल्यावरच तुम्हाला कळणार. तसंही काही डिस्ट्रोंच्या कॉन्फिगमध्ये 'मॉड्यूल_फोर्स_लोड' बंद असतं, तिथे फोर्स करूनही उपयोग नाही.

कळफलक, पाचही गोष्टी एकाच माळेत ओवू नका. पाच वेगळे आजार दिसताहेत. आधी ग्राफिक्सचं बघू. या तीन गोष्टी द्या: 'युनेम -आर' आणि 'युनेम -व्ही' चं आउटपुट, 'मॉडइन्फो -एफ व्हरमॅजिक' त्या ड्रायव्हरवर, आणि मॉडप्रोब अपयशी ठरल्या ठरल्या 'डीमेसेज' च्या शेवटच्या ओळी. मॉडप्रोबचा निरोप फार त्रोटक असतो, खरं कारण कर्नलच्या लॉगमध्येच मिळतं.

कळफलक

हे घ्या.

युनेम -आर: ६.१२.०-घडीव

युनेम -व्ही मधली तारीख-वेळ दुसऱ्या बिल्डचीच आहे.

व्हरमॅजिक: ६.१२.०-घडीव एसएमपी प्रीएम्प्ट मॉड_अनलोड मॉडव्हर्जन्स

डीमेसेज आणि डिस्कवर साठवलेला जुना कर्नल लॉग मिळून दोन ओळी. एक: 'मॉड्यूल व्हेरिफिकेशन फेल्ड: सिग्नेचर अँड/ऑर रिक्वायर्ड की मिसिंग - टेंटिंग कर्नल'. ही पहिल्या बिल्डनंतरची, वरची आहे. अगदी शेवटची: 'डिसअग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल मॉड्यूल_लेआउट'.

म्हणजे सहीचा प्रश्न आहे का? सिक्युअर बूट (बूट होताना सह्या तपासणारी सोय) तर मी आधीच बंद केलंय.

गिटपुराण

सहीच्या ओळीकडे दुर्लक्ष करा. ती फक्त नोंद आहे: सही नसलेलं मॉड्यूल आत घेतलं आणि कर्नलवर 'टेंटेड' चा शिक्का मारला, एवढाच तिचा अर्थ. मॉड्यूल आत आलं म्हणूनच शिक्का बसला. ही ओळ बघून सहीच्या मागे धावणारे पुष्कळ पाहिलेत. सहीमुळे खरंच अडलं असतं तर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं आलं असतं.

खरी ओळ 'मॉड्यूल_लेआउट' वाली. व्हरमॅजिक म्हणजे मॉड्यूलच्या कपाळावरची ओळखपट्टी: कर्नलचं नाव आणि चार-दोन ठळक पर्याय. तुमची पट्टी अक्षर न अक्षर जुळतेय, कारण दोन्ही बिल्डना नाव एकच दिलंय. पण 'मॉडव्हर्जन्स' चालू असेल तर कर्नल प्रत्येक एक्सपोर्ट केलेल्या सिम्बॉलचा (मॉड्यूल्सना वापरायला दिलेल्या फंक्शनच्या नावाचा) सीआरसीही (तपासणीचा आकडा) तपासतो, आणि तो सीआरसी त्या फंक्शनच्या प्रकारांवरून, त्यांत गुंतलेल्या स्ट्रक्चरसकट काढलेला असतो. 'प्रूव्ह_लॉकिंग' चालू केलं की प्रत्येक लॉकच्या स्ट्रक्चरमध्ये लॉकडेपची (लॉक तपासणाऱ्या यंत्रणेची) जादा माहिती येते. लॉक फुगला की तो ज्या ज्या स्ट्रक्चरमध्ये आहे तेही फुगतं. 'मॉड्यूल_लेआउट' हा तर मुद्दाम ठेवलेला पहारेकरी सिम्बॉल आहे, मूलभूत स्ट्रक्चर बदलली की सर्वात आधी तोच ओरडतो.

थोडक्यात, तुमचा ग्राफिक्स ड्रायव्हर पहिल्या '-घडीव' साठी बनलाय आणि चालू आहे दुसरा '-घडीव'.

सेमीकोलन

पण मग डीकेएमएसने (बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी बनवणाऱ्या साधनाने) तो परत का बनवला नाही, हा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आधीच लिहिते.

डीकेएमएस कर्नल ओळखतं ते निव्वळ नावावरून. 'डीकेएमएस स्टेटस' बघा, ६.१२.०-घडीव समोर 'इन्स्टॉल्ड' लिहिलेलं असेल. त्याच्या लेखी काम झालेलं आहे. शिवाय 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' केल्यावर '/लिब/मॉड्यूल्स/६.१२.०-घडीव' मधला 'कर्नल' हा उपफोल्डर पुसून नवा भरला जातो, पण डीकेएमएसची मॉड्यूल्स बहुतेक ठिकाणी 'अपडेट्स' मध्ये असतात. त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून सोर्सच्या झाडातली मॉड्यूल्स नवी, बाहेरची जुनी. अगदी तुमच्यासारखं अर्धवट चित्र दिसतं.

उपाय: 'डीकेएमएस बिल्ड --फोर्स', मग 'इन्स्टॉल --फोर्स', दोन्हीला कर्नलचं नाव देऊन. त्याआधी '/लिब/मॉड्यूल्स/६.१२.०-घडीव/बिल्ड' ही सिमलिंक कुठे जाते ते बघा. ती तुमच्या सोर्सच्या फोल्डरकडे जात असणार, आणि त्या फोल्डरमध्ये चालू कर्नलचीच '.कॉन्फिग' आणि 'मॉड्यूल.सिमव्हर्स' (सिम्बॉलच्या सीआरसींची फाइल) असायला हवी. बिल्ड झाल्यावर जागा मोकळी करायला म्हणून कुणी 'मेक एमआरप्रॉपर' (सोर्सचा फोल्डर पूर्ण साफ करणारी आज्ञा) केलं असेल तर दोन्ही गेल्या.

उंटावरचा शहाणा

एमआरप्रॉपरचं आणखी एक. ते 'सर्ट्स' फोल्डरमधली आपोआप बनलेली सहीची किल्लीही उडवतं. पुढच्या बिल्डला नवी किल्ली तयार होते, जुन्या किल्लीने सही केलेली मॉड्यूल्स नव्या कर्नलला परकी. 'मॉड्यूल_सिग_फोर्स' चालू असणाऱ्यांनी ती किल्ली बाजूला जपून ठेवावी.

कळफलक

सेमीकोलन, स्टेटसमध्ये खरंच 'इन्स्टॉल्ड' होतं. सिमलिंक बरोबर, दोन्ही फाइली जागेवर. फोर्स करून बिल्ड सुरू केला. बराच वेळ सी फाइली कंपाइल झाल्या आणि अगदी शेवटी, मॉडपोस्टच्या (सिम्बॉल तपासण्याच्या) टप्प्यावर मेला. डीकेएमएसच्या मेक.लॉगमधली ओळ:

'एरर: मॉडपोस्ट: जीपीएल-इनकम्पॅटिबल मॉड्यूल … युझेस जीपीएल-ओन्ली सिम्बॉल म्युटेक्स_डिस्ट्रॉय'

हे काय नवीन? पहिल्या '-घडीव' वर हाच ड्रायव्हर, हाच सोर्स, निमूट बिल्ड झाला होता.

उंटावरचा शहाणा

वा, हे मस्त उदाहरण निघालं.

कर्नल आपली फंक्शन मॉड्यूल्सना दोन दारांनी देतो. 'एक्सपोर्ट_सिम्बॉल' सर्वांसाठी, 'एक्सपोर्ट_सिम्बॉल_जीपीएल' फक्त जीपीएलशी (कर्नलच्या मुक्त परवान्याशी) सुसंगत परवाना सांगणाऱ्यांसाठी. आता 'म्युटेक्स_डिस्ट्रॉय' बघा. साध्या कर्नलमध्ये ते हेडरमधलं रिकामं इनलाइन फंक्शन आहे. कंपाइल होताना विरघळून जातं, सिम्बॉल मागायचा प्रश्नच येत नाही. पण 'डीबग_म्युटेक्सेस' चालू असेल तर ते खरंखुरं फंक्शन बनतं, आणि ते जीपीएलच्या दाराने एक्सपोर्ट केलेलं आहे. तुम्ही 'प्रूव्ह_लॉकिंग' चालू केलंत, त्याने 'डीबग_म्युटेक्सेस' आपोआप ओढून आणलं. ड्रायव्हरच्या सोर्समधली तीच ओळ आता बंद दारावर जाऊन आदळते.

काही जण इथे मॉड्यूलचा परवाना खोटा 'जीपीएल' लिहून वेळ मारून नेतात. ते करू नये. परवान्याचा भंग तर आहेच, शिवाय उद्या कर्नल कोसळला तर टेंटमध्ये 'पी' हे बंद ड्रायव्हरच्या खुणेचं अक्षर दिसणार नाही आणि बग बघणारा माणूस उगाच भरकटेल.

सरळ मार्ग: लॉक तपासायचा कर्नल वेगळा ठेवा, रोजचा वेगळा. लोकलव्हर्जन '-घडीव' आणि '-घडीवतपास', आउटपुटचे फोल्डरही दोन ('मेक ओ=…' ने). तपासाचा कर्नल बंद सोर्सच्या ड्रायव्हरशिवाय चालवायचा. लॉकडेपमुळे तो तसाही संथ असतो, रोजच्या कामाला कोण वापरणार.

रात्रपाळी

फोर्सचा सल्ला मागे. पण एक शंका. लिनक्सचे जनक लिनस तर सतत सांगतात की युझरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) मोडायचं नाही. मग दर व्हर्जनला ड्रायव्हर का मोडतात?

गिटपुराण

कारण ते वचन बाहेरच्या बाजूचं आहे. सिस्टम कॉल, '/प्रॉक' आणि '/सिस' मधलं जे काही प्रोग्रॅम वापरतात ते जपायचं. आतल्या बाजूला, म्हणजे कर्नल आणि मॉड्यूल यांच्यामध्ये, असं कुठलंही वचन नाही आणि कधी नव्हतं. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा 'स्टेबल एपीआय नॉनसेन्स' नावाचा मजकूर आहे, त्यात हे रोखठोक मांडलंय: ड्रायव्हर मुख्य झाडात आणा, आतला इंटरफेस जो बदलेल तोच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करेल.

मला हे धोरण पटतं. ज्यांच्याकडे उत्पादकाने एकदा सोर्स देऊन हात झटकलेलं कार्ड आहे त्यांना पटणार नाही, तेही समजू शकतो. कळफलक, तुमचं मापन कार्ड याच वर्गातलं. कंपायलर काय म्हणतो ते टाका.

निवांत

तोवर मी पेनड्राइव्ह आणि कंटेनरकडे वळते, कारण दोन्हींचा संशय लोकलमॉडकॉन्फिगवर आहे.

ते नक्की काय करतं? त्या क्षणी 'एलएसमॉड' मध्ये (लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या यादीत) जी मॉड्यूल्स दिसतात तेवढी ठेवतं, मॉड्यूल म्हणून असलेलं बाकी सगळं कॉन्फिगमधून काढतं. तुम्ही ते चालवलंत तेव्हा पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, कंटेनर चालू नव्हते, व्हीपीएन जोडलेलं नव्हतं. जे त्या घटकेला कामात नव्हतं ते गेलं.

पेनड्राइव्हचं डिव्हाइस दिसतंय म्हणता, म्हणजे 'यूएसबी_स्टोरेज' वाचलंय. माउंट केल्यावर डीमेसेज काय म्हणतो? मी पैज लावते, 'आयओ कॅरसेट … नॉट फाउंड'.

कळफलक

पैज जिंकलात! 'फॅट-एफएस (एसडीबी१): आयओ कॅरसेट आयएसओ८८५९-१ नॉट फाउंड'. माउंट मात्र नुसतंच 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन' म्हणत होतं, म्हणून मी पेनड्राइव्हच खराब समजत होतो.

निवांत

फॅटच्या ड्रायव्हरला फाइलींची नावं वाचायला अक्षरसंचाची तक्ती लागते. ती वेगळी मॉड्यूल्स आहेत, 'एनएलएस' या मेन्यूत. 'कोडपेज ४३७' आणि 'आयएसओ८८५९-१' दोन्ही चालू करा, 'यूटीएफ-८' ही घ्या. हे मॉड्यूल एरवी माउंट करतानाच लोड होतं, म्हणून लोकलमॉडकॉन्फिगच्या तावडीत हमखास सापडतं. 'एक्सफॅट' (मोठ्या डिस्कची फाइल सिस्टीम) आणि 'यूएएस' (वेगवान यूएसबी डिस्कचा ड्रायव्हर) आहेत का तेही आत्ताच बघून घ्या, नाहीतर मोठ्या डिस्कच्या वेळी पुन्हा हेच.

कंटेनरचं दुखणं बहुधा दोन जागी आहे. 'ओव्हरले_एफएस' (कंटेनरची थरांची फाइल सिस्टीम) नसेल तर स्टोरेजपाशीच अडेल. ते असूनही 'फेल्ड टू अ‍ॅड द होस्ट … सँडबॉक्स पेअर इंटरफेसेस: ऑपरेशन नॉट सपोर्टेड' असं काही आलं तर 'व्हीईटीएच' (कंटेनरला नेटवर्कशी जोडणारी आभासी तार) गायब आहे. त्याच्या पाठोपाठ 'ब्रिज', 'ब्रिज_नेटफिल्टर', एनएटी आणि मास्करेडची मॉड्यूल्स. एकेक शोधत बसू नका. डॉकरच्या (कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या) मूळ सोर्समध्ये, मोबीच्या 'कॉन्ट्रिब' फोल्डरमध्ये, 'चेक-कॉन्फिग.एसएच' ही स्क्रिप्ट आहे. तिला तुमची कॉन्फिग फाइल दिली की काय आहे, काय नाही याची यादी रंगीत अक्षरांत समोर येते. पॉडमन हे डॉकरसारखंच साधन वापरणाऱ्यांनाही ती उपयोगी पडते, लागणारे पर्याय बहुतांशी तेच.

पुढच्या वेळी लोकलमॉडकॉन्फिग वापरायचंच असेल तर आधी सगळी डिव्हाइसं लावा, कंटेनर चालवा, आणि 'एलएसमॉड' चं आउटपुट फाइलीत साठवा. 'मेक एलएसमॉड=फाइल लोकलमॉडकॉन्फिग' असं देता येतं. 'एलएमसी_कीप' ने ठराविक फोल्डरही वाचवता येतात, उदाहरणार्थ 'ड्रायव्हर्स/यूएसबी:एफएस'. माझं स्वतःचं मत विचाराल तर, बिल्डला वेळ लागला तरी चालेल, डिस्ट्रोची पूर्ण कॉन्फिगच ठेवावी.

सेमीकोलन

निवांतशी थोडी असहमत. पूर्ण कॉन्फिगचा बिल्ड जुन्या लॅपटॉपवर नको नको होतो. लोकलमॉडकॉन्फिग ठेवा, पण बिल्ड सुरू करण्याआधी 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग' जुन्या आणि नव्या कॉन्फिगवर चालवून 'हो' चं 'नाही' झालेल्या ओळी एकदा नजरेखालून घाला. यादी लांबलचक येते, पण 'फाइल सिस्टीम', 'नेटफिल्टर', 'क्रिप्टो' एवढं बघितलं तरी पुष्कळ.

आणि ३२-बिटचं कुणी बोललंच नाही. कळफलक, 'एक्झेक फॉरमॅट एरर' दोन्हीकडे दिसतो कारण दोन्हीकडे एकच एरर नंबर परत येतो, ८ म्हणजे 'ईएनओएक्झेक'. अर्थ इतकाच की 'हे मला चालवता येण्यासारखं नाही'. ड्रायव्हरच्या बाबतीत सीआरसी जुळत नाही, प्रोग्रॅमच्या बाबतीत ३२-बिट फाइल ओळखणारा भागच कर्नलमध्ये नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये काढलेल्या जुन्यापान्यात 'आयए३२_इम्युलेशन' गेलं असणार. ते मॉड्यूल होत नाही, परत चालू करून पूर्ण कर्नल बिल्ड करावा लागेल. ते चालू केल्यावर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आलं, फाइल समोर दिसत असूनही, तर तो कर्नलचा दोष नाही: ३२-बिट लोडर आणि लायब्ररी टाकायच्या राहिल्यात. ६.७ पासून ही सोय बूटच्या वेळी बंद-चालू करता येते, तेव्हा बूट पॅरामीटरमध्ये 'आयए३२_इम्युलेशन' काही लिहिलंय का तेही पाहा.

मुळाक्षर

मी फ्रीबीएसडी या युनिक्सच्या कुळातल्या दुसऱ्या सिस्टीमचा माणूस, तरी या धाग्यात ओळखीचं बरंच दिसतंय. आमच्याकडे 'इन्स्टॉलकर्नल' केलं की जुना कर्नल '/बूट/कर्नल.ओल्ड' मध्ये सरकतो, नवा '/बूट/कर्नल' मध्ये येतो. पण ग्राफिक्सचं 'डीआरएम-केमॉड' पोर्ट्समधून (बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहातून) '/बूट/मॉड्यूल्स' मध्ये बसतं, तिथे कुणी फिरकत नाही. म्हणजे सेमीकोलन यांनी सांगितलेल्या 'अपडेट्स' फोल्डरचीच गोष्ट. रीबिल्डनंतर स्क्रीन काळी, नाहीतर सरळ पॅनिक. त्यासाठी 'मेक.कॉन्फ' मध्ये 'पोर्ट्स_मॉड्यूल्स' लिहून ठेवतात, मग कर्नलसोबत तेही दर वेळी नव्याने बनतं.

शिवाय क्रम पाळावा लागतो: बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट, मग इन्स्टॉलवर्ल्ड. नवा कर्नल जुनं युझरलँड (कर्नलबाहेरची साधनं) सांभाळून घेतो. उलट केलं, म्हणजे नवं युझरलँड जुन्या कर्नलवर, तर साधं 'एलएस' सुद्धा दगा देऊ शकतं.

उंटावरचा शहाणा

लिनक्सवरही उलट दिशेचा त्रास आहे, फक्त क्वचित भेटतो. जीलिबसीला (बहुतेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूळ लायब्ररीला) किमान कर्नल ठरलेला असतो, २.२६ पासून तो ३.२ आहे. २०२२ च्या २.३६ ने ही तपासणी काढून टाकली, त्याआधीच्या जीलिबसीचा कंटेनर किमानाहून जुन्या कर्नलवर चालवला तर 'फेटल: कर्नल टू ओल्ड' म्हणून पहिल्याच पावलाला बसायचा.

कळफलक

मापन कार्डाचे एरर टाकतो. दोनच प्रकारचे आहेत, बाकी सगळे त्यांच्याच मागून आलेले.

पहिला: 'टू मेनी आर्ग्युमेंट्स टू फंक्शन क्लास_क्रिएट'.

दुसरा: 'असाइनमेंट ऑफ रीड-ओन्ली मेंबर व्हीएम_फ्लॅग्स', एममॅपच्या फंक्शनमध्ये.

गिटपुराण

दोन्ही प्रसिद्ध आहेत. 'क्लास_क्रिएट' पूर्वी दोन आर्ग्युमेंट घ्यायचं, पहिलं 'धिस_मॉड्यूल'. ६.४ मध्ये ते काढलं, आता फक्त नाव द्यायचं. 'व्हीएम_फ्लॅग्स' मध्ये ६.३ पासून थेट लिहिता येत नाही, 'व्हीएम_फ्लॅग्स_सेट' हे फंक्शन वापरायचं: पहिलं आर्ग्युमेंट व्हीएमए (मेमरीच्या पट्ट्याची नोंद), दुसरं तुमचे फ्लॅग. जिथे 'व्हीएमए->व्हीएम_फ्लॅग्स |= …' असं आहे तिथे ते टाका. फ्लॅग काढणारी ओळ असेल तर 'व्हीएम_फ्लॅग्स_क्लिअर'.

जुन्या ६.१ वरही ड्रायव्हर चालायला हवा असेल तर 'लिनक्स_व्हर्जन_कोड' ची 'कर्नल_व्हर्जन(६,४,०)' आणि '(६,३,०)' शी तुलना करून दोन फांद्या ठेवा. एंटरप्राइझ डिस्ट्रोंवर मात्र या तुलनेवर विसंबू नका. ते नवे बदल जुन्या आकड्याच्या कर्नलमध्ये आणून बसवतात, त्यामुळे आकडा एक सांगतो आणि हेडर दुसरंच. तिथे हेडरमध्ये ग्रेपने शोधून बघणं बरं.

ठिपका

धागा वाचनखूण म्हणून साठवतोय. माझाही प्रश्न इथेच विचारतो. डीबग माहितीसकट बिल्ड केला, इन्स्टॉल केला, रीबूटला थेट पॅनिक: 'अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. कॉन्फिग डिस्ट्रोचीच, एकही ओळ काढलेली नाही.

निवांत

कंसातले आकडे महत्त्वाचे. (०,०) म्हणजे रूटचं डिव्हाइसच सापडलं नाही: इनिटरॅमएफएस (बूटच्या वेळचा तात्पुरता फाइलसंच) लोड झालं नाही, किंवा डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. तिथे (२५९,२) किंवा (८,१) सारखं काही असतं, तर डिस्क सापडली पण फाइल सिस्टीम ओळखू आली नाही असा अर्थ झाला असता.

तुमच्या बाबतीत, जुन्या कर्नलने बूट करून '/बूट' मध्ये जागा किती उरलीय ते बघा. डीबग माहिती न काढता मॉड्यूल्स बसवली की इनिटरॅमएफएस अवाढव्य होतं, '/बूट' चं पार्टिशन भरतं आणि फाइल अर्धवट लिहिली जाते किंवा लिहिलीच जात नाही. 'मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल' करा, मग इनिटरॅमएफएस नव्याने बनवा.

ठिपका

'/बूट' शंभर टक्के भरलेलं. स्ट्रिप करून इनिटरॅमएफएस पुन्हा बनवलं, बूट झालं. जुनं इनिटरॅमएफएस आणि नवं यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक.

कळफलक

माझीही प्रगती कळवतो. दोन कर्नल, दोन नावं, दोन फोल्डर. रोजच्या '-घडीव' वर डीकेएमएसने ग्राफिक्स ड्रायव्हर विनातक्रार बनवला. एनएलएस, ओव्हरले, व्हीईटीएच, ब्रिज, ३२-बिट सगळं परत आलं. मापन कार्ड कंपाइल झालं, आकडेही बरोबर देतंय.

एक मात्र उरलं. एक फार जुन्या डिस्ट्रोवरचा कंटेनर आहे, त्यातला बॅश (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) सुरू होताच १३९ कोड देऊन मरतो. नव्या इमेजेसना काही होत नाही. चेक-कॉन्फिगमध्ये सगळं हिरवं.

सेमीकोलन

१३९ म्हणजे १२८ अधिक ११, सेगमेंटेशन फॉल्ट. डीमेसेजमध्ये 'व्हीसिसकॉल अटेम्प्टेड विथ व्हीसिसकॉल=नन' दिसतंय का? जुनी जीलिबसी वेळ विचारायला एका ठरलेल्या पत्त्यावर उडी मारायची, सुरक्षेच्या कारणाने ती सोय पुढे आवळत गेले. मेन्यूकॉन्फिगच्या साफसफाईत 'लेगसी_व्हीसिसकॉल_नन' निवडलं गेलं असेल. रीबिल्डची गरज नाही, बूट पॅरामीटरमध्ये 'व्हीसिसकॉल=एक्सओन्ली' द्या. त्याने भागलं नाही तर 'व्हीसिसकॉल=इम्युलेट', पण ते तेवढ्यापुरतंच.

कळफलक

दिसतंय, अगदी तीच ओळ, पुढे बॅशचा पत्ता. 'एक्सओन्ली' ने काम झालं. मापन कार्डाचा पॅच उत्पादकाकडे पाठवतोय. 'रिमूव्ह' फंक्शनबद्दलही एक वॉर्निंग वाचनात आली होती, ६.११ पासून ते 'व्हॉइड' (काहीच परत न देणारं) झालंय म्हणे. माझ्या ड्रायव्हरमध्ये कंपायलर त्याबद्दल गप्प आहे. तेही आत्ताच बदलून टाकू का?

गिटपुराण

तो बदल 'प्लॅटफॉर्म_ड्रायव्हर' चा. तुमचं कार्ड पीसीआयवर आहे आणि 'पीसीआय_ड्रायव्हर' चं 'रिमूव्ह' आधीपासूनच 'व्हॉइड' आहे, म्हणून कंपायलर गप्प. त्याला हात लावू नका. 'क्लास_क्रिएट' आणि 'व्हीएम_फ्लॅग्स' चे पॅच मात्र वेगवेगळे पाठवा, दोन्ही एका कमिटमध्ये कोंबू नका.